गाडी यांची आहे

गाडी सुरू करायच्या आधी सर एकदा मागे बघायचे, एकदा पुढे बघायचे आणि बटणावर बोट ठेवून हळूच म्हणायचे, "सॉरी हं." कुणाला म्हणायचे ते मला कधी कळलं नाही. रविवारी पहाटे कांदिवलीच्या त्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आम्ही दोघं आणि गेटवरची कुत्री, एवढेच जागे असायचो. मग इंजिन पेटायचं. आठ सिलिंडरचं, पाच लिटरचं अमेरिकन इंजिन बंद गाळ्यात पेटलं की पत्र्याचं शटर थरथरतं आणि आपल्या छातीत कुणीतरी जड टेबल सरकवतंय असं वाटतं. सर मान खाली घालायचे. भर वर्गात कुणाचा तरी फोन वाजावा आणि तो आपल्याच खिशातला निघावा, तसा त्यांचा चेहरा व्हायचा.

सरांचा बोरीवली पश्चिमेला गणिताचा क्लास होता. आता ते शिकवत नाहीत. मी आधी त्यांचा विद्यार्थी, नंतर त्यांच्याच क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागलो. त्यामुळे मुलांसमोर ते मला 'तुम्ही' म्हणायचे आणि मुलं गेली की 'अरे'.

पालक आपली मुलं गणितासाठी पाठवायचे, पण चारचौघांत कौतुक करायचे ते सरांच्या साधेपणाचं. आलटून पालटून घालायचे दोन शर्ट, पायात चामड्याची चप्पल, खांद्याला शबनम. खडू इतका झिजवायचे की शेवटी फळ्यावर नख घासल्याचा आवाज यायचा आणि पहिल्या बाकावरच्या मुली कानावर हात ठेवायच्या. क्लासला एसी लावू दिला नाही. म्हणायचे, "गारव्यात डोकं झोपतं." फळ्याच्या वर त्यांनी स्वतःच्या हाताने एकच शब्द रंगवला होता: गरजेपुरतं. एखादा मुलगा नवा फोन घेऊन आला की तो उलटसुलट करून बघायचे आणि परत देताना विचारायचे, "याने इंटिग्रेशन लवकर सुटतं का रे?" बाइकवरून येणाऱ्या मुलांची तर खैर नव्हती. "राहतोस कुठे? मागच्या गल्लीत? मग पाय कशाला दिलेत तुला?"

आणि त्या माणसाकडे ही गाडी होती. भडक नारिंगी. बॉनेटवर दोन काळे पट्टे. बॉनेटही एवढं लांब की गाडी वळणावर आधी पोचायची आणि आपण मागाहून.

मला कळलं ते योगायोगाने. आमच्या नोट्स त्याच इस्टेटमधल्या एका प्रेसमध्ये छापल्या जायच्या. एका रविवारी टेस्टचे पेपर घ्यायला मी भल्या पहाटे गेलो. दोन गाळे सोडून तिसऱ्याचं शटर अर्धं वर होतं आणि आतून तो आवाज येत होता. वाकून बघितलं, तर जुने पडदे जोडून शिवलेलं एक भलंमोठं कव्हर घडी करत सर उभे. डोक्यावर कानटोपी, आणि महिना मे.

"तू?" सर म्हणाले.

मी शटरखालून आत आलो.

"ही माझी नाही," ते म्हणाले. "भाच्याची आहे. अमेरिकेत असतो. मी फक्त बॅटरी उतरू नये म्हणून..."

कव्हरची घडी पुरी झाली. त्यांनी ती उलगडली आणि पुन्हा घालायला घेतली. मग म्हणाले, "मला भाचा नाही रे."

त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा शेजारच्या सीटवर बसवलं. पुढे दर रविवारी बोलवायला लागले. का, ते त्यांनीच एकदा सांगितलं. "एकटा असलो की चोरी केल्यासारखं वाटतं. दोघं असलो की निदान सहलीला निघाल्यासारखं वाटतं."

गाडी कशी आली तेही हळूहळू कळलं. अंधेरीला एका बिल्डरच्या मुलाला शिकवायला सर त्यांच्या घरी जायचे. एक दिवस ते कंपाउंडमध्ये शिरताना त्या बिल्डरने ही गाडी सुरू केली. "मला वर जाऊन शिकवायचं होतं," सर म्हणाले, "पण मी खालीच उभा राहिलो. मग वर गेलो आणि साधं डेरिव्हेटिव्ह चुकलो. पोरगा म्हणाला, सर, मायनस राहिला." पुढे त्या माणसाने गाडी विकायला काढली, आणि आयुष्यभर साठवलेल्यातलं बरंच काही सरांनी तिच्यात घातलं. सरांच्या बायकोला हे ठाऊक होतं. पण त्या तिला 'गाडी' म्हणत नसत. "आज जाणार आहात का, ते तिकडचं बघायला?" असं विचारायच्या. आजारी नातेवाइकाबद्दल विचारावं तसं. त्या तिच्यात कधी बसल्या नाहीत.

सर गाडी चालवायचे मात्र सुरेख. हायवेवरून दहिसर, तिथून घोडबंदरचा रस्ता, आणि उजाडायच्या आत परत. सगळं वेगमर्यादेत. फक्त घोडबंदरला एक सरळ, मोकळा पट्टा लागायचा. तिथे ते आरसा बघायचे, श्वास घ्यायचे आणि पाय दाबायचे. पाठ सीटमध्ये रुतायची, पोट मागे राहायचं. मी अकरावीच्या मुलांना टॉर्क शिकवत होतो, पण टॉर्क म्हणजे काय ते मला त्या पट्ट्यावर समजलं. क्षणभरच. मग सर पाय उचलायचे आणि म्हणायचे, "पुरे."

सिग्नलला थांबणं हा मोठा वैताग. शेजारी रिक्षा येऊन उभी राहायची, आतून मान बाहेर यायची. "सेठ, एक बार रेस दो ना!" सर काच अर्धी खाली करून कळवळून सांगायचे, "मेरी नहीं है भाई." पेट्रोल पंपावरही तेच. फोटो काढायला आलेल्या पोरांनाही तेच. कुणी विचारलेलं नसलं तरीही. ते वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की पुढे जे झालं त्याचं मला आश्चर्य वाटायला नको होतं.

त्या रविवारी परतताना घोडबंदरच्या चहाच्या टपरीवर सर म्हणाले, "आज तू चालव."

"मी? नको सर. कुठे घासली तर?"

"घासली तर घासली. किती दिवस नुसता शेजारी बसणार? ये इकडे."

चावी हातात देताना ते जरा हसले. मी भीत भीत चालवत होतो, आणि सर मला कधी न सांगितलेल्या गोष्टी सांगत होते. लहानपणी जोगेश्वरीला चाळीत असताना ते म्हणे जिन्याच्या पायरीवर बसून तोंडाने गाडीचे आवाज काढायचे, आणि वडील आतून ओरडायचे, हा काय भिकारचाळा. वडिलांना आवाजाचाच तिटकारा होता. घरात कुणी मोठ्याने हसलेलंही त्यांना चालायचं नाही.

दहिसरच्या पुढे हायवेवर एक ट्रेलर आडवा झाला होता. पोलिसांनी सगळी वाहतूक आत बोरीवलीत वळवली. बघता बघता उजाडलं, रस्ते भरले, आणि गर्दी आम्हाला ढकलत ढकलत कुठे घेऊन चाललीय हे लक्षात आल्यावर सरांनी कानटोपी कपाळावर ओढली. आमच्याच क्लासचा रस्ता. रविवारची टेस्ट. फाटकासमोर मुलं, मुलांना सोडायला आलेले पालक, स्कूटर, रिक्षा.

"वळव," सर म्हणाले.

"कुठे वळवू सर? मागे बस आहे."

क्लासच्या समोरच स्पीडब्रेकर. आदल्या आठवड्यात खड्डे बुजवताना कुणीतरी त्याच्यावर डांबराचा आणखी एक थर चढवला होता. अशा ठिकाणी सर गाडी तिरकी घालायचे. मला जागाच मिळाली नाही, सरळ घातली. पुढची चाकं उतरली आणि खालून खर्रर्र असा आवाज आला. गाडीचं पोट उंचवट्यावर टेकलं, मागची चाकं नुसती गरागरा फिरायला लागली. मी घाबरून पाय आणखी दाबला. त्या गल्लीत तो आवाज कसा घुमला असेल ते विचारूच नका. समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या उघडल्या.

मुलं धावत आली. पाठोपाठ पालक. आमच्या बारावीच्या एका मुलीचे वडील, बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, ते वाकून आत बघायला लागले. आधी मला बघितलं, मग सरांना.

"सर! तुम्ही? अहो, ही कुणाची गाडी?"

सरांनी कानटोपी काढून शबनममध्ये टाकली, दार उघडलं, कसेबसे बाहेर आले. आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, "गाडी यांची आहे. नवीन घेतलीय. मला म्हणाले, चला सर, फिरवून आणतो."

माझे हात स्टिअरिंगवर होते. ते तसेच राहिले.

"झकास, सर!" मागून एक पोरगं ओरडलं. ते मला होतं. मग सगळ्यांनी मिळून गाडी उचलायला सुरुवात केली, आणि कुणी कुठे उभं राहायचं, कुठून जोर लावायचा हे सरच सांगत होते. "मागे नको, मागे नको, कडेला या." आवाज नेहमीचा, फळ्यासमोरचा. गाडी सुटली तशी मुलांनी टाळ्या वाजवल्या. सर माझ्याकडे न बघता फाटकातून आत गेले आणि त्यांनी टेस्ट सुरू केली.

दुपारी त्यांचा फोन आला. आधी टेस्टला किती मुलं आली ते सांगितलं. मग, "अरे, माझ्या तोंडून निघून गेलं. मी सांगतो सगळ्यांना. मला थोडा वेळ दे."

"बरं सर," मी म्हणालो.

वेळ आठवड्यांवर गेला. अडकलेल्या गाडीचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ तर त्याच दिवशी पालकांच्या ग्रुपवर गेला होता. आधी गंमत होती, मग तर्क सुरू झाले. फिजिक्सच्या सरांना एवढी गाडी कुठून परवडते? पेपर विकत असेल. कुठल्या कॉलेजवाल्यांशी साटंलोटं असेल. सर बिचारे भोळे, त्यांना काय कळणार? वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून कुणीतरी तोंडाने इंजिनाचा आवाज काढायचं. टीचर्स रूममध्ये सर माझ्या कपात आधी चहा ओतायचे, मग स्वतःच्या, आणि कपाकडेच बघत प्यायचे. एकदा म्हणाले, "उद्या नक्की." तो उद्या आला तेव्हा त्यांना ताप आला होता. खरोखरचा ताप.

आम्ही मूळचे मालवणकडचे. बाबा गिरणीत होते, गिरणी गेल्यावर मिळेल ते काम करत राहिले, आणि गेले तेव्हा कुणासमोर मान खाली घालावी असं त्यांनी मागे काही ठेवलं नव्हतं. आई त्याच बळावर जगत होती. तिला व्हिडिओ दाखवला शेजारणीने, कौतुकाने. संध्याकाळी मी घरी आलो तर आई अंधारातच बसली होती.

"माका खरा सांग," ती म्हणाली. "ही गाडी खयसून इली?"

"आई, माझी नाही ती."

"मगे कोणाची?"

सरांना मी वेळ देतो म्हणालो होतो. मी उठून दिवा लावला.

"सांगूक जमणा नाय? मगे ऱ्हवांदे." ती उठली, दिवाळीला मी घेतलेली साडी घडी न मोडता आणून माझ्या कपाटात ठेवली, आणि त्या दिवसापासून मला वाढायची, पण समोर बसायची नाही.

मग एका शनिवारी चार-पाच पालक सरांकडे आले. मी शेजारच्या वर्गात पेपर तपासत होतो, मधली भिंत प्लायवुडची. "सर, त्या माणसाला काढा. तुमच्या नावाला बट्टा लागतोय." सर काय बोलले ते ऐकू आलं नाही. बोललेच नसावेत. पालक गेल्यावर सर माझ्या दारात येऊन उभे राहिले. "उद्या बक्षीस समारंभ आहे," म्हणाले. "ये हं. नक्की ये."

समारंभ एका शाळेच्या हॉलमध्ये होता. बक्षिसं वाटून झाली. सर माइकपाशी गेले आणि माइकचा दांडा हातात धरून नुसते उभे राहिले. मी त्यांना वीस-वीस मिनिटं न थांबता बोलताना ऐकलेलं. त्या दिवशी त्यांना पहिला शब्द सापडेना.

"ती गाडी," शेवटी ते म्हणाले, "ती नारिंगी गाडी माझी आहे. मी घेतली. हौस म्हणून घेतली. गरज काहीच नव्हती. तुम्हाला कळू नये म्हणून लपवली, आणि ज्या दिवशी कळायची वेळ आली त्या दिवशी मी ती या मुलाच्या नावावर ढकलली. तो गप्प बसला, कारण तो माझा विद्यार्थी आहे. मला लाज वाटते."

मला वाटलं, सुटलो. सरही सुटले.

आणि मग ते बँकवाले गृहस्थ उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. त्यांच्या मागे दुसरे, मग रांगच्या रांग. पहिल्या रांगेतल्या एक बाई पदराने डोळे पुसत होत्या. "बघा," त्या शेजारणीला म्हणाल्या, "आपल्या माणसाची चूक स्वतःवर घेतली हो. असे गुरुजी आता राहिलेत कुठे?"

सर माइकमध्ये "अहो, नाही, खरंच माझी आहे" असं म्हणत राहिले आणि टाळ्या वाढत गेल्या. स्टेजवरून उतरले ते कठडा धरून. माझ्याजवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "टाळ्या वाजवल्या रे त्यांनी."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सर गाडी घेऊन क्लासला आले. एकटे, टोपीशिवाय. फाटकासमोर लावली, उतरले, सगळ्यांसमोर लॉक केली. तिसऱ्या दिवशीही आणली. त्यांना वाटलं, आता तरी डोळ्यांनी बघतील. आठवड्याच्या आत ग्रुपवर नवीन बातमी फिरली: फिजिक्सच्या सरांना पश्चात्ताप झाला, त्यांनी गाडी गुरुदक्षिणा म्हणून सरांच्या चरणी वाहिली. मला काढायची भाषा बंद झाली. दोन पालकांनी तर येऊन माझा हात हातात घेतला. सर एकेकाला धरून सांगायचे, "मी घेतलीय ती, माझ्या पैशांनी," आणि लोक हात जोडायचे.

"काय करू सांग," ते मला म्हणाले. चेहरा पार उतरला होता. "काहीही केलं तरी मी मोठाच होतोय." मग म्हणाले, "तुझ्या घरी काय म्हणतात?"

मी सांगितलं. साडीचं सांगितलं. आई समोर बसत नाही तेही सांगितलं. सर उठलेच. "चल."

आमच्या बिल्डिंगखाली गाडी लागली तशी गॅलऱ्यांत माणसं आली. सर वर आले, चप्पल बाहेर काढली, आणि खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"ताई, गाडी माझी आहे. मी लोकांसमोर तुमच्या मुलाची म्हणून सांगितली. खोटं बोललो."

आईने त्यांच्या शर्टाकडे बघितलं. कॉलर उसवलेली होती. मग माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत मला तेच दिसलं जे हॉलमध्ये दिसलं होतं. "सर," ती म्हणाली, "तुमी देवमाणूस. माझ्या झिलासाठी तुमी असा..."

"नाही!" सर ओरडले. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. मग खालच्या आवाजात, "ताई, खाली चला. फक्त एक चक्कर. मग काय ते म्हणा."

आईला त्या सीटवर बसवणं हे एक दिव्यच होतं. "ह्या काय? जमनीर बसल्यासारखा वाटता," ती म्हणाली. मी मागे, गुडघे हनुवटीला लावून. सरांनी गाडी काढली. संध्याकाळची वेळ, लिंक रोडवर रांगा लागलेल्या. वेग कसला, गाडी मुंगीसारखी सरकत होती. आईने पर्स घट्ट धरून ठेवली होती.

सरांचं लक्ष पुढच्या गाडीच्या बंपरवर होतं. मग आईने सहज विचारलं, "ह्येचो आवाज असो गुरगुरल्यासारखो कित्याक येता?"

"तो होय?" सर म्हणाले. "त्याचं काय आहे ताई, याला चार सिलिंडर या बाजूला, चार त्या बाजूला. आता तुम्हाला वाटेल, एक इकडचा पेटेल, एक तिकडचा. तसं नाही! मध्येच एकाच बाजूचे दोन लागोपाठ पेटतात. म्हणून चाल अशी अडखळती. ऐका हं, आता ऐका. ऐकलंत? हा ठोका चुकतो ना, तीच मजा आहे." त्यांनी एका हाताने डॅशबोर्डवर ताल धरला. "आणि थंड असताना हिचा आवाज वेगळा, तापली की वेगळा. पहाटे घोडबंदरला यायला हवं तुम्ही. तिथे एक पट्टा आहे..." सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी सर बोलतच होते. शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून काहीतरी विचारलं आणि सर त्याला हसून म्हणाले, "पाच लिटर, भाई. पाच लिटर!"

आई रस्त्याकडे बघतच नव्हती. ती सरांकडे बघत होती.

परत आल्यावर मी पुढचं दार उघडून तिला हात दिला. पण ती लगेच उतरली नाही.

"गाडी तुमचीच," ती सरांना म्हणाली.

सरांनी डोळे मिटून घेतले. मला वाटतं, आयुष्यात एवढी मोठी पदवी त्यांना कुणी दिली नसेल.

"पण सर, एक इचारतंय. इतकी आवडता, मगे लाज कित्याक वाटून घेतास?"

सरांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. गॅलऱ्यांतली माणसं वाकून बघत होती.

"ताई, गाडीची आता नाही वाटत," ते म्हणाले. "त्या दिवशी 'यांची' म्हणालो ना, त्याची वाटते."

आईने माझा हात धरला, जोर लावून उठली, पदर सारखा केला.

"ती वाटांदे," ती म्हणाली, आणि त्यांना चहाला वर घेऊन गेली.